चुकणारी इंदू दीदी

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात, तलावाकडून आत वळणाऱ्या गल्लीत, एका स्टेशनरीच्या दुकानावर माडीची खोली होती. त्या खोलीत इंदू आणि सरला या दोघी संध्याकाळी नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायच्या. इंदूकडे फिजिक्स, सरलाकडे केमिस्ट्री. ट्यूशनवाले रायपुरात पैशाला पासरी आहेत, पण या दोघींची रीत निराळी होती. एक जण फळ्याशी उभी राहिली की दुसरी घरी जात नसे. ती मागच्या बाकावर पोरांच्या मधोमध बसायची आणि अधूनमधून हात वर करायची.

"मैडम, मेरे को समझ में नहीं आया," सरला म्हणायची, आणि पोरं खुदकन हसायची. पण तो प्रश्न बहुधा त्यांच्याही मनात असायचा. विचारायची लाज वाटत असायची, एवढंच.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी इंदूनं सगळ्यांना एक हात लाकडी बाकावर आणि एक हात स्टीलच्या डब्यावर ठेवायला लावला. डबा जास्त थंड आहे, असं सगळे म्हणाले. मग तिनं दोन्हीला थर्मामीटर लावून दाखवला, तर पारा एकाच रेघेवर. पोरं बुचकळ्यात पडली. तेव्हा सरलानं मागून विचारलं, "मैडम, तो क्या हमारा हाथ झूठ बोलता है?"

इंदू म्हणाली होती, हात खोटं बोलत नाही, पण तो तापमान सांगतच नाही. आपल्या अंगातली ऊब किती झपाट्यानं निघून चाललीय, तेवढंच तो सांगतो. स्टील ती भराभर ओढून घेतं, लाकूड घेत नाही. बस, एवढाच फरक. त्या वर्षीची पोरं हे उत्तर कधी विसरली नाहीत, आणि त्याचं अर्धं श्रेय सरलाच्या त्या प्रश्नाचं होतं, असं इंदू सगळ्यांना सांगायची.

ही रीत काही कोणी ठरवून काढली नव्हती. दोघी आधी शंकर नगरातल्या एकाच शाळेत होत्या. एका वर्षी शाळेनं फिजिक्सचे तासही सरलाच्या गळ्यात घातले. सरला एम.एस्सी. झालेली, पण फिजिक्सचं नाव काढलं की तिला कापरं भरायचं. ती रिकाम्या तासाला इंदूजवळ येऊन बसायला लागली. विचारताना तिनं कधी लाज बाळगली नाही, आणि तिच्या त्या प्रश्नांना उत्तर देता देता इंदूला उमगलं की आपणही पुष्कळसं नुसतं पाठ करून ठेवलंय. इंदूचे वडील भिलाईच्या कारखान्यात होते. मुलीनं मैडम व्हावं ही त्यांची हौस, ती तिनं पुरी केली होती. पण विज्ञान खरं कळायला लागलं ते सरलाच्या संगतीत, असं तिला मनापासून वाटायचं. सरलानं पुढं शाळा सोडली, तेव्हा बूढ़ापाऱ्याचा वर्ग दोघींनी मिळून काढला.

त्या वर्गातली दोघींच्या मनात घर करून राहिलेली गोष्ट म्हणजे मोमबत्तीची. प्रयोग सगळ्यांना ठाऊक असलेला आहे. बशीत पाणी घ्यायचं, मधोमध पेटती मोमबत्ती उभी करायची, वर काचेचा ग्लास पालथा घालायचा. मोमबत्ती विझते आणि बशीतलं पाणी ग्लासात वर चढतं. गाइडातलं उत्तर असं, की ज्योतीनं ऑक्सिजन खाल्ला, जागा रिकामी झाली, तिथं पाणी शिरलं. सरलाही हेच शिकवायची. एका उन्हाळ्यात इंदू मागच्या बाकावरून म्हणाली, "मैडम, ऑक्सिजन हळूहळू संपतो, तर पाणीपण हळूहळू चढायला पाहिजे. हे तर ज्योत विझल्यावर एकदम चढते. काहून?"

 उत्तर शोधायला त्या उन्हाळ्यात दोघींनी किती मोमबत्त्या जाळल्या असतील, कोण जाणे. ग्लास पालथा घालताना काठाखालून बुडबुडे निघतात, हे इंदूनं पाहिलं. म्हणजे हवा तापून, फुगून बाहेर पळतेय. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. आणि सरलानं तिच्या बाजूनं गाठ सोडवली. ती म्हणाली, "ऑक्सिजन जाते कुठं? त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड येतेच न. मग अशी केवढीशी जागा रिकामी होईन? अन् सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते." फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही एका ग्लासात बसली. त्या दिवशी दोघी खोलीला कुलूप लावून खाली उतरल्या आणि गल्लीच्या तोंडाशी गुपचूपवाल्याच्या ठेल्यावर उभ्या राहून पाणीपुरी खात लहान पोरींसारख्या हसत राहिल्या.

आणि मग एका मार्च महिन्यात सरलाच्या नवऱ्याच्या, श्यामरावांच्या छातीत दुखलं.

श्यामराव सिंचन खात्यातून रिटायर झालेले, शांत गृहस्थ. त्यांना दवाखान्यात नेलं आणि दोन दिवसांनी घरी आणलं. सरला इंदूकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"हार्टचं आहे म्हणते डॉक्टर," ती म्हणाली. "पूर्ण आराम सांगतला. मले आता यायच्याजवळून हलता येणार नाही, इंदू. वर्ग बंद करू."

"मी एकटी चालवते न तोवर."

"तू एकटी काहून मरते? शाळा करून वर हे. हे बरे झाले की पुन्हा सुरू करू. खोली आपली कुठं पळून चालली?"

इंदूला ते पटलं. खरं म्हणजे एकटीनं शिकवायची तिला कल्पनाच करवत नव्हती. पोरांच्या आईबापांना दोघींनी मिळून निरोप दिला. काही पोरं रडली. इंदूनंही डोळे पुसले, आणि त्या दिवसापासून ती समता कॉलोनीत सरलाच्या घरी डबा नेऊ लागली. मुगाची खिचडी, लौकीची, म्हणजे दुधीची, बिनतेलाची भाजी, ताकाची कढी. श्यामराव भर उन्हाळ्यात पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडलेले असायचे.

"इंदूताई, तुमचे उपकार कसे फेडायचे आम्ही," ते क्षीण आवाजात म्हणायचे.

"उपकार कायचे, भाऊजी. सरला कुठं गेली?"

"औषध आणाले गेली."

सरला पुष्कळदा औषध आणायलाच गेलेली असायची. इंदू डबा ओट्यावर ठेवायची, रिकामा डबा घ्यायची आणि उन्हातून घरी यायची. तिचा नवरा गौतम रेल्वेत होता. तो कधी म्हणायचा, "आज मी नेऊन देतो." पण इंदू त्याला जाऊ देत नसे. मैत्रिणीच्या घरी संकट आहे आणि आपण आयतं बसून राहावं, हे तिला बरं वाटत नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. नववीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात इंदूच्या एक गोष्ट लक्षात आली. कोणी चुकीचं उत्तर दिलं की मागून एखादं पोर हळूच म्हणायचं, "इंदू दीदी मत बन," आणि सगळा वर्ग हसायचा. मग तिच्याकडे पाहून एकदम गप्प व्हायचा. असेल टीव्हीवरचं काही, असं तिला वाटलं. आपलं नाव निघालं म्हणून पोरं वरमली, एवढंच. एकदा तर तीही त्यांच्याबरोबर हसली.

हवेचा धडा सुरू झाला तेव्हा तिनं सहज विचारलं, "मोमबत्ती पे ग्लास रखो, तो पानी ऊपर क्यों चढ़ता है?"

सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं, "ऑक्सीजन जल गई, खाली जगह में पानी आ गया."

"किसने बताया?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. तास सुटल्यावर पायल नावाची मुलगी तिच्या मागं व्हरांड्यात आली. पायल मराठी घरातली होती, पण घराबाहेर हिंदीच बोलायची. "मैम, गुस्सा मत होना," ती म्हणाली. "एक वीडियो है. सब देखते हैं. सरला मैम का साइंस. उसमें एक कार्टून है, इंदू दीदी. वो हमेशा गलत बोलती है."

 "ठीक है, जाओ," एवढंच इंदू म्हणाली. दुसरी एखादी सरला असेल, असं स्वतःला सांगत ती घरी आली. चहासुद्धा टाकला नाही. गौतमच्या फोनवर तिनं ते नाव शोधलं.

सरलाच होती. अंगावर गुलाबी साडी, केस मोकळे, मागं चकचकीत फळा. इतकी छान ती इंदूला कधी दिसली नव्हती. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, बाकावर, एक कार्टूनची बाई बसली होती. सावळी, जाड चष्मा, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, सुती साडी. बोलायच्या आधी ती चष्मा बोटानं वर सरकवायची. इंदूचा हात आपसूक स्वतःच्या चष्म्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

व्हिडिओ मोमबत्तीचाच होता. पाणी चढलं. कार्टूनबाईनं हात वर केला आणि मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाली, "मैडम, मेरे को लगता है, हवा गरम होके फैली, थोड़ी बाहर भाग गई, फिर ठंडी होके सिकुड़ गई, इसलिए पानी चढ़ा."

भोंगा वाजला. लहान मुलांच्या हसण्याचा आवाज आला. सरला गोड हसली. "नहीं, इंदू दीदी. फिर से फेल. ऑक्सीजन जल गई, उसकी खाली जगह में पानी आ गया. याद रखना बच्चों, परीक्षा में यही आएगा."

गौतम मागं उभा राहून पाहत होता. "ही तर तू आहे," तो म्हणाला.

इंदूनं मान हलवली. तिनं आणखी व्हिडिओ लावले. डबा आणि लाकडी बाक होता. पाण्यात विरघळलेली साखर आणि जळून काळी झालेली साखर होती. माडीवरच्या खोलीत दोघींनी मिळून घडवलेलं सगळं तिथं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यातली बाई चुकत होती. पहिला व्हिडिओ एप्रिलमधला होता. एप्रिलमध्ये तर ती रोज डबा नेत होती. तेव्हा सरला औषध आणायला गेलेली असायची.

"वकिलाले विचारू," गौतम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "नाव तुह्यं, चेहरा तुह्या. असं कसं करू शकते?"

"थांबा जरा," इंदू म्हणाली. "मले आधी समजू द्या."

खरं तर समजायचं काही उरलं नव्हतं. नाव वापरलं, थट्टा केली, हे तिनं कसंतरी गिळलं असतं. पण ते उत्तर चुकीचं आहे, हे सरलाला ठाऊक होतं. तिनं स्वतः ते सोडवलं होतं. आणि खरं उत्तर तिनं मूर्खाच्या तोंडी घालून त्यावर पोरांना हसवलं होतं. संध्याकाळभर इंदू त्याच एका गोष्टीपाशी येऊन अडत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत दोन सारखे ग्लास, दोन बशा आणि मोमबत्त्या घेऊन गेली. एका बशीत एक मोमबत्ती लावली, दुसरीत तीन जवळजवळ लावल्या. म्हणाली, "दोनों ग्लास बराबर हैं. तो ऑक्सीजन भी बराबर. पानी किसमें ज़्यादा चढ़ेगा?"

"बराबर चढ़ेगा," पोरं म्हणाली. त्यांच्या उत्तराप्रमाणे ते बरोबरच होतं.

तिनं ग्लास पालथे घातले. तीन मोमबत्त्यांच्या ग्लासाखालून बुडबुडे निघाले, ते पुढच्या बाकावरच्यांनी पाहिले आणि मागच्यांना सांगितले. ज्योती विझल्या. पाणी चढलं. तीनवाल्या ग्लासात ते पुष्कळ वर गेलं. पोरं बाक सोडून पुढं आली. कोणी म्हणालं, पुन्हा करा. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं.

"तीन से ज़्यादा गरमी हुई," पायल हळूहळू म्हणाली, जणू स्वतःशीच. "ज़्यादा हवा बाहर गई. फिर ठंडी हुई तो..." ती थांबली. तिनं इंदूच्या चष्म्याकडे पाहिलं, वेणीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. "मैम, इंदू दीदी तो सही बोल रही थी."

 एरवी असं उत्तर आलं की इंदू खुशीत येऊन फळ्यावर पोराचं नाव लिहायची. त्या दिवशी खडू फळ्याशीच पडून राहिला.

"जो देखा, वो लिखो," ती म्हणाली. "किसी के बोलने से मत लिखो. मेरे भी नहीं."

मग ती ग्लास धुवायला नळावर गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती समता कॉलोनीत गेली. गल्लीत गॅसवाल्याची गाडी उभी होती. सरलाच्या घराच्या पायऱ्यांवर श्यामराव होते. भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन ते ताठ अंगानं पायऱ्या चढत होते. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती. वळून पाहिलं तर खाली इंदू उभी.

श्यामरावांना काय करावं ते कळेना. सिलिंडर खांद्यावर घेऊन ते तसेच उभे राहिले.

"ठेवा खाली, भाऊजी," इंदू म्हणाली. "जड आहे."

त्यांनी ते ठेवलं आणि दारातून आत पाहत हाक मारली, "सरला, इंदूताई आल्या." मग चप्पल घालून, तिच्या नजरेला नजर न देता, ते बाहेर निघून गेले.

सरला स्वयंपाकघरातून हात पुसत आली. इंदूचा चेहरा पाहताच तिला सगळं कळलं. तिनं पंखा लावला, पाणी आणून ठेवलं. इंदूनं ग्लासाला हात लावला नाही.

"भाऊजींले काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"ॲसिडिटी," सरला खाली पाहत म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, तिखट कमी खा."

"अन् मी बिनतेलाची लौकी आणून देत होती."

सरलानं पाण्याचा ग्लास जरा तिच्याकडं सरकवला.

"तुम्ही दोघंही खात होते न तो डबा?"

"इंदू, तुले कसं सांगू तेच समजून नव्हतं राहिलं," सरला म्हणाली. "व्हिडिओ काढणाऱ्या कंपनीवाल्यांची अट होती, दुसरीकडं हेच शिकवायचं नाही. वर्ग बंद करणं भाग होतं. तुले खरं सांगतलं असतं तर तू वर्ग चालू ठेवला असता. अन् पोट्टे तुह्याकडंच राहिले असते."

"त्यायले एकच पाहिजे होती का? का दोघी पाहिजे होत्या?"

हा प्रश्न सरलाला अपेक्षित नव्हता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सांग न."

"दोघीच म्हणत होते आधी," ती शेवटी म्हणाली. "त्यायच्या एका माणसाचा पुतण्या आपल्याकडं शिकत होता. मी म्हटलं, ती नाही येणार. तिले कॅमेरा आवडत नाही."

"मले विचारलं होतं?"

"नाही."

बाहेर गॅसवाल्याची गाडी खडखडत पुढं गेली. इंदूला वाटलं होतं की आपण ओरडू, रडू. पण तिचा आवाज शाळेत प्रश्न विचारावा तसा सरळ निघत होता.

"काहून, सरला?"

सरला आता तिच्याकडे पाहायला लागली. "तुले काय सांगू? इतकी वर्षं आपण संगं शिकवलं, पण पोट्टे घरी जाऊन तुह्यंच नाव सांगत. इंदू मैडमनं हे दाखवलं, इंदू मैडमनं ते दाखवलं. माह्या केमिस्ट्रीतलंही तुह्याच नावावर जाई. आईबाप भेटले की तुलेच नमस्कार करत. तुले ते दिसतही नव्हतं. मले एकदा, एकटीले, समोर उभं राहून पाहायचं होतं."

"तर उभं राहायचं न. मी आडवी आली असती का?" इंदू म्हणाली. "पण तिथं कोपऱ्यात मले कायले बसवलं?"

"ते म्हणाले, पोट्टे हसले पाहिजे. एक पात्र द्या. मागच्या बाकावर बसून विचारणारं. माह्या तोंडून तुह्यंच नाव निघालं. खरंच, प्रेमानं निघालं."

"आपल्या मागच्या बाकावर बसणारी मूर्ख नव्हती. तू बसत होती तेव्हाही नव्हती."

सरलाचे डोळे भरून आले. इंदू थांबली नाही. "मोमबत्तीचं खोटं काहून सांगतलं? तुले खरं माहीत होतं."

"गाइडात तेच आहे. ते म्हणाले, पेपरात हेच येते, घोळ घालू नका. मी एकदा म्हणून पाहिलं."

"ते एक समजलं. पण माह्या तोंडी खरं उत्तर कोणी घातलं? कंपनीच्या लोकायले तर ते माहीत नव्हतं."

 "मीच," सरला म्हणाली. "त्या बाईसाठी एक चुकीचं उत्तर पाहिजे होतं. लवकर लिहून द्या म्हणत होते. दुसरं काही सुचून नाही राहिलं."

इंदू उठली. इतका वेळ तिला वाटत होतं की यामागं काहीतरी मोठा राग असेल, मनात वर्षानुवर्षं जपलेला. राग होताच, तो सरलानं कबूल केला. पण ही गोष्ट रागातूनही झाली नव्हती. कोणीतरी घाई केली, आणि सरलानं हाताशी होतं ते उचलून दिलं. दोघींचा सगळा उन्हाळा असा उचलून दिला होता. याचं इंदूला जास्त लागलं.

"नाव बदलाले लावते मी," सरला दारापर्यंत आली. "इंदू, ऐक न."

"बदल," इंदू म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

नाव बदललं. पावसाळ्याच्या अखेरीस आलेल्या व्हिडिओत कोपऱ्यातली बाई "बिंदू दीदी" झाली होती. चष्मा तोच, वेणी तीच. जुने व्हिडिओ तसेच राहिले, मोमबत्तीचाही राहिला. गौतमनं पुन्हा वकिलाची गोष्ट काढली. इंदू म्हणाली, "कोर्टात काय सांगू? कार्टून माह्यासारखं दिसते म्हणून?" त्याला ते पटलं नाही, पण त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

शाळेत पोरं "इंदू दीदी मत बन" म्हणायची हळूहळू थांबली. पायलनं थांबवलं, असं कोणीतरी सांगितलं. बूढ़ापाऱ्याच्या दोन-तीन घरांतून निरोप आले, की मैडम, वर्ग पुन्हा सुरू करा. माडीवरची खोली तोवर मोबाइलची कव्हरं ठेवायला गेली होती. तेव्हा इंदूनं रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यातच सतरंजी टाकली. केमिस्ट्रीही तिला एकटीलाच शिकवावी लागली. कुठं अडली तर ती पोरांना सांगायची, मला हे येत नाही, उद्या पाहून सांगते. सरलाला विचारावं असं दोनदा तिच्या मनात आलं. दोन्ही वेळा फोन हातात घेऊन तिनं खाली ठेवला.

बुद्धपौर्णिमेला इंदूच्या घरी खीर व्हायची. दरवर्षी सरला आणि श्यामराव यायचे. पुढच्या वर्षी मात्र त्यांना बोलावलं नव्हतं. तरी दुपार उतरताना स्कूटर दाराशी थांबली. गौतम उठून आत जाऊ लागला, तेव्हा इंदूनं त्याला खुणेनं बसवलं. पाहुणा दारात आल्यावर आपलं भांडण दाखवायचं नसतं, हे तिच्या आईचं शिकवणं होतं. तिनं दोघांना खीर दिली. श्यामराव गौतमशी उन्हाबद्दल बोलत राहिले. सरला इंदूच्या मागं स्वयंपाकघरात आली.

ती वाळली होती. "मी ते सोडलं," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात."

"काहून?"

"तिथं कोणी काही विचारत नाही. समोर फक्त कॅमेरा राहते. मी चुकली तरी कोणी सांगत नाही." ती जरा थांबली. "व्हरांड्यात तू घेते म्हणे वर्ग. मी येऊ का? मागं बसत जाईन. नाव तुह्यंच राहू दे."

इंदू पातेलं झाकत होती. तिनं झाकण नीट बसवलं. सरला खरं बोलतेय, हे तिला दिसत होतं. एवढ्या वर्षांत सरलानं कधी स्वतःहून काही मागितलं नव्हतं, हेही तिला आठवलं. हो म्हणायला तिची जीभ तयारसुद्धा झाली होती.

"नाही," ती म्हणाली.

"अजून राग आहे?"

"राग गेला. पण तू विचारशील, मी सांगीन, अन् सांगता सांगता मले वाटत राहीन, हे आता कुठं जाईन. असं शिकवता येत नाही, सरला."

सरलानं मान हलवली. तिनं खिरीची रिकामी वाटी स्वतः विसळली, पालथी घातली. दोघं स्कूटरवर बसून निघाले, तेव्हा इंदू नेहमीच्या सवयीनं फाटकापर्यंत गेली. स्कूटर मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ती तिथं उभी राहिली.

"काय म्हणत होती?" गौतमनं विचारलं.

"पुन्हा संगं शिकवू म्हणे."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

"बरं केलं," तो म्हणाला. आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून, "वाटून राहिलं न बरं?"

"नाही," इंदू म्हणाली. "अजिबात नाही."

 ऊन अजून फाटकावर होतं, पण पोरं यायची वेळ झाली होती. आज त्यांना भिंगं दाखवायची होती. इंदूनं कपाटातून ती काढली, पदरानं एकेक पुसली आणि व्हरांड्यात सतरंजी अंथरायला गेली.